उंच ठेवलेली जागा

आदल्या दिवशी आलेल्या ठशातून सकाळी साचा सुटा केला आणि हातात माझंच तोंड आलं. दात तेवढे नव्हते.

आमच्या धंद्यात तोंडं अशीच येतात: डब्यातून, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, माणसाविना. डॉक्टर ठसा घेतात, आम्ही त्यात प्लास्टर ओततो आणि त्या पांढऱ्या साच्यावर कवळी घडवतो. ज्याची कवळी त्याचा चेहरा आम्ही बघत नाही आणि तो आमचा बघत नाही. इतके सभ्य संबंध मी नातेवाइकांतही पाहिलेले नाहीत. त्यामुळे साच्याकडे बघून चपापायची सवयच मोडलेली असते. पण टाळूच्या मधोमध तो उंचवटा होता. हाडाचा, बोटाच्या पेराएवढा, मागे जाताना डावीकडे कललेला आणि टोकाशी दोन दाणे असलेला. असे उंचवटे पुष्कळांना असतात, त्यात नवल नाही. पण हा माझा होता. माझी जीभ रिकामी असली की तिथे जाऊन बसते. शाळेत गणित अडलं की, रांगेत उभं असताना, कुणाची बोलणी खाताना. तिथला प्रत्येक चढउतार तिला आपल्या गल्लीसारखा पाठ आहे. मला वाटलं, मीच चुकून फळीवरचा माझा साचा खाली काढला असेल. वर बघितलं. फळीवर माझं तोंड जागच्या जागी होतं, पेन्सिली खोवलेलं.

तो साचा मी शिकाऊ असताना काढलेला. पहिला ठसा स्वतःच्याच तोंडाचा घ्यायचा, असा उस्तादांचा दंडक होता. "दुसऱ्याला ओकारी आणण्याआधी स्वतःला आणून बघ," म्हणायचे. उस्तादांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक कामाची: नव्या कवळीत आतल्या बाजूला एक जागा किंचित उंच ठेवावी. "टोचली की पेशंट डॉक्टरकडे जातो, डॉक्टर तेवढंच घासून देतो, आणि दोघांनाही वाटतं, काय बारकाईने बघतो हा माणूस! अगदी बिनचूक कवळी देशील तर तुला कुत्रं विचारणार नाही." दुसरी गोष्ट त्यांनी माझा साचा हातात घेऊन सांगितली. समोरच्या दातांपाशी डावीकडे माझ्या हिरडीला एक खाच आहे. तिच्यावरून नख फिरवत त्यांनी विचारलं, "हे कशाने?" मी म्हणालो, "दगड लागला होता. लहानपणी." उस्तादांनी माझ्या ओठाकडे बघितलं, परत साच्याकडे बघितलं. "फार हुशार दगड होता रे तुझा. बाहेर ओठ आणि आत हिरडी, दोन्ही एका रेषेत कापून गेला." मी हसलो. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी साचा फळीवर ठेवला आणि ते विडी ओढायला बाहेर गेले.

दगड म्हणजे दरडीतला दगड. मी वाचलेला आहे. आमच्याकडे पाहुण्यांत माझं नावच ते पडलं होतं: वाचलेला. 'वाचलेला कुठाय? वाचलेल्याला बोलवा.' मग मी परकरातल्या मुलीसारखा लाजत बाहेरच्या खोलीत यायचो आणि आई गोष्ट सांगायची. सुरुवातीला ती करंगळीपासून एकेक बोट मोडायची. ती तिची नाटकाची घंटा. अंगठा झाला की पडदा वर. कुठल्याशा डोंगरात एक गाव होतं, पाऊस थांबत नव्हता, डोंगर खाली आला. गाव झोपेत होतं ते झोपेतच राहिलं. मदतीला गेलेल्या माणसांना एका तुळईखाली पाळणा सापडला, पाळण्यात मी, ओठ दगडाने चिरलेला. मला मोठ्या इस्पितळात आणलं. आई तिथे नर्स होती. ओठ शिवला. न्यायला कुणी आलं नाही, कारण यायला कुणी उरलंच नव्हतं. तेव्हा मला ती घरी घेऊन आली. दत्तक आहे हे तिने माझ्यापासून कधीच लपवलं नाही. या मोकळेपणाचं तिचं फार कौतुक व्हायचं. बायका डोळे पुसायच्या, पुरुष माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. बाबा मात्र पडदा वर गेला की पाणी प्यायला आत जायचे. त्यांना फार तहान लागते, असं मला ते वारल्यावरही वाटत होतं.

गोष्टीत एक बकरी होती. ती मी घातलेली. शाळेत असताना एकदा मी मधेच म्हणालो, "आणि आमची बकरी पण होती, ती ओरडत होती." आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हो तर, ओरडत होती बिचारी. तिच्याच आवाजाने तर तू सापडलास." पुढच्या पाहुण्यांपासून बकरी कायम झाली. मग मलाही ती आठवायला लागली. एवढंच नाही, जिभेवर चिखलाची चव आठवायला लागली, घरघर आठवायला लागली, अंधार आठवायला लागला. तान्ह्या मुलाला असलं काही आठवत नसतं, हे कुणी म्हणालं की मला राग यायचा. ज्याचं आख्खं गाव गेलं त्याच्याकडून एवढीशी चव काढून घ्यायला लोकांना लाज कशी वाटत नाही? मी वर्गात नापास झालो, नोकऱ्या धरून सोडल्या, लग्न केलं नाही. पण रात्री उशीवर डोकं टेकताना मनात एक ऐट असायची. एवढा मोठा डोंगर पडला, आणि माझ्यावर पडला नाही.

व्रण झाकायला मिशी आईनेच ठेवायला लावली. "मिशीत तू भारदस्त दिसतोस." माझे खांदे पडलेले, छाती बेताची, मिशीशिवाय भारदस्त व्हायला माझ्याजवळ दुसरं भांडवल नव्हतं. आता कुणी विचारेल, अरे, जन्म तोंडांत घालवलास, फाटका ओठ शिवल्यावर कसा दिसतो हे तुला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. जन्मतः फाटलेल्या टाळूंवर बसवायच्या पट्ट्या मी कितीतरी घडवल्या आहेत. दुसऱ्याच्या साच्यात ती खाच दिसली की झोपेतसुद्धा ओळखेन. पण आरशाकडे मी साच्यासारखं कधी बघितलं नाही. आरशात दाढी करायची असते.

दुपारी डॉक्टरीणबाईंना फोन केला. आमच्याकडे त्यांचं बरंच काम येतं. "हा कालचा ठसा कुणाचा?"

"का? फसला का?"

"नाही नाही, सुरेख आलाय."

"मग घाबरवता कशाला हो? डोंगरातल्या शिबिरातल्या आजी आहेत. घाटाच्या वरची शेवटची वाडी."

"कवळी बसवायला मी येऊ का?"

"तुम्ही? तुम्ही तर चहालाही दुकानाबाहेर पडत नाही. गाडी लागते का तुम्हाला? आधीच सांगा."

मी ती कवळी घडवली तशी जन्मात दुसरी घडवली नाही. दात रांगेत ओळीने बसवले नाहीत, एक जरासा कलता ठेवला, कारण खऱ्या म्हातारीचे दात शाळेच्या प्रार्थनेसारखे उभे नसतात. त्या दिवसांत मनात एकच वाक्य घोळत होतं: कुणीतरी उरलंय. आत्या असेल, मावशी असेल, कुणाची तरी चुलती असेल. दरड कोसळली तेव्हा बाहेरगावी गेलेली. मी समोर उभा राहीन, ती म्हणेल, तूसुद्धा? मीसुद्धा म्हणेन. दोन वाचलेले. आईला यातलं काही बोललो नाही. तिला एकदम सांगून खूश करायचं होतं. जाण्याच्या आदल्या दिवशी नुसतं म्हणालो, "उद्या डोंगरात चाललोय, एका कवळीच्या कामाला." आई शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत. "मफलर घे. आणि मिशी कातरू नकोस आत्ता. वाढू दे. वर थंडी असते." मला भरून आलं. या वयातही आईचं लक्ष आपल्या वरच्या ओठापर्यंत पोचतं.

गाडी लागली. पण ते सोडा. वाडी म्हणजे उतारावर एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघणारी दगडी घरं. गाडीतून उतरलो आणि पहिली गोष्ट दिसली ती मिशा. पारावर बसलेले दोघे, लाकडं फोडणारा एक, समोरून येणारा एक. सगळ्यांना माझी मिशी. तशीच खाली ओढलेली, तशीच डावीकडे जरा जास्त दाट ठेवलेली. मला वाटलं, इथे कुणी एकच न्हावी असेल आणि त्याला एवढीच येत असेल. आजींचा थोरला मुलगा दारात उभा होता, माझ्याहून दोनएक वर्षांनी मोठा. त्याने माझ्याकडे बघितलं, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "शिवलेला दिसतोय."

"काय?"

"ओठ हो. छान शिवलाय. हा बघा आमचा." त्याने बोटाने मिशी वर केली. ओठ नाकापर्यंत उघडा होता, दार लावायचं राहून गेल्यासारखा. "आमच्या भावकीत एकाआड एकाला असतो. माझ्या पोरीचा या डॉक्टरबाईंनी शिवून आणवला. पूर्वी कोण शिवणार? मिशी ठेवायची नि गप्प बसायचं."

"माझा दगडाने," मी म्हणालो. "दरडीत."

"कुठल्या दरडीत?"

"इथल्याच. फार वर्षं झाली. आख्खं गाव गेलं ना त्यात?"

त्याने आधी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, मग मागे वळून वाडीकडे बघितलं, घरं मोजल्यासारखं. मग आत तोंड करून म्हणाला, "आई, हे म्हणतायत आपलं गाव गेलं!"

आतून म्हातारीचा आवाज आला, "कधी?"

सगळे हसले. मीही हसलो, तोंडाला सवय असते. "आमचा डोंगर म्हणजे नुसता कातळ," थोरला सांगत होता. "दरड कोसळायला अंगावर माती तर पाहिजे बिचाऱ्याच्या! माती असती तर आम्ही काहीतरी पेरलं नसतं होय?" मी वर बघितलं. काळा, कोरडा, एकसंध डोंगर उभा होता. त्याने कुणावर खडासुद्धा टाकलेला नव्हता, आणि टाकेलसा दिसत नव्हता. बकरी मात्र होती. दारात बांधलेली. ती माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत होती.

आजी खुर्चीत बसल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हीच बघा ना कशी बसते ती. तुमचीच कलाकुसर आहे." मी हात धुतले. साचे थंड असतात. टाळू गरम असते हे मला ठाऊक होतं, पण हाताला कळलेलं नव्हतं. अंगठा आत सरकला आणि उंचवट्याला टेकला. मधे फुगलेला, डावीकडे कललेला, टोकाशी दोन दाणे. त्याच क्षणी माझी जीभ माझ्या उंचवट्यावर जाऊन बसली. अंगठा तिथे, जीभ इथे, आणि दोन्हीकडून एकच निरोप. म्हातारी तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होती. जवळून, पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या साच्याच्या मागून माझ्याकडे बघत होतं. मी कवळी बसवली. ती चपखल बसली.

"बोला काहीतरी आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"काय बोलू? दात आले म्हणून गोष्ट सांगू का?" म्हातारीने दोनतीनदा तोंड मिटून उघडलं. मग माझ्या ओठाकडे बोट केलं. "आमच्या धाकट्याचा पण असाच शिवला होता. छान झाला होता म्हणे."

"म्हणे?" मी विचारलं.

"मी कुठे बघितला? त्याचा बाप घेऊन गेला होता खाली इस्पितळात. मला ताप भरलेला, हा थोरला कडेवर. बाळाला ठेवून बाप माघारी आला, म्हणाले महिन्याने या. महिना व्हायच्या आतच नर्सबाई आली. ओठ जुळला, पण ताप डोक्यात गेला म्हणाली."

"निरोप आला?"

"निरोप कसला! स्वतः आली. तेव्हा रस्ता नव्हता, खालपासून चढून आली. असली बातमी माणसाने समोर बसून सांगावी, म्हणाली. ही अशी बसली उंबऱ्यावर. आधी एकेक बोट मोडलं, करंगळीपासून, मग सांगितलं. बाळाचं टोपडं आणून दिलं परत. दुसऱ्या कुणी दिलं असतं? आणि रडली, बाई गं! इतकी रडली की मी माझं रडणं ठेवलं बाजूला नि तिला पाणी दिलं. तळपायाला फोड आलेले तिच्या. तेल लावून चोळून दिले मी. फार मायाळू बाई." म्हातारीने गालाच्या आतून जीभ फिरवली. "इथे टोचतंय हो जरा."

"पहिल्यांदा टोचतंच आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढच्या खेपेला बघू."

कुठे टोचतंय ते मला माहीत होतं. उजवीकडे, मागच्या दाढेच्या आत. ती जागा मी उंच ठेवली होती. सवयीने ठेवली की परत यायला निमित्त हवं म्हणून, हे माझ्या हातांनी मला सांगितलेलं नव्हतं. घासायची कानस माझ्या खिशात होती. मी ती बाहेर काढली नाही. म्हातारीला काहीतरी सांगायचं होतं मला, पण सांगू काय? 'बाळ जिवंत आहे' म्हणालो की पाठोपाठ 'ती मायाळू बाई' पण आलीच. दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून यायची होती आणि त्या तोंडात जीभ उंचवट्याला चिकटून बसली होती. हाक मारली तरी उठेना. मी नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसलो. मागून थोरल्याने खिडकीतून दोन अक्रोड दिले. "आता आईला फोडता येतील," म्हणाला.

उतरताना गाडी लागली नाही. लागायला पोटात काहीतरी असावं लागतं. फसवलं गेलं की माणूस पेटून उठतो म्हणतात. मला आधी लाज वाटली, आणि तीसुद्धा बकरीची. मग वाटलं, चिखलाची चव कशाची होती? टाक्यांची? रक्ताची? की ती कधी नव्हतीच, आणि इतकी वर्षं मी माझ्या तोंडात आईने ठेवलेली चव चघळत होतो? आईने काम मात्र चोख केलं होतं. वर एक मेलेलं बाळ दिलं, खाली एक मेलेलं गाव दिलं. कुणी कुणाला शोधायला निघायचा प्रश्नच ठेवला नाही. असल्या कामात लोक एक बाजू शिवतात आणि दुसरी उसवलेली ठेवतात. तिने दोन्हीकडून टीप मारली होती. आणि बाबांची तहान. आणि उस्तादांची विडी. माझ्या भोवतीची किती माणसं बरोबर वेळेला उठून बाहेर गेली होती! मी एकटाच आत बसून टाळ्या घेत होतो. माझा दरडीवरचा हक्क गेला होता. उशीवर डोकं टेकताना आता मनात काय आणायचं? डोंगर पडला नाही आणि मी वाचलो नाही. मला नुसतं नेलं.

दुपारी घरी पोचलो तेव्हा आई पलंगावर बसली होती, कवळी काढून वाटीत ठेवलेली. दात काढल्यावर माणसाला खोटं बोलता येत नाही, असं उस्ताद म्हणायचे. उस्तादांनी माझी आई पाहिली नव्हती.

"आलास? थंडी होती?"

"होती." मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो. "आई, बकरी कुठल्या रंगाची होती गं?"

ती जराही अडखळली नाही. "पांढरी. एक कान काळा. का रे, आज बरी आठवण झाली?" आणि बोटं मोडायला लागली. करंगळी मोडली, तिच्याजवळचं मोडलं.

"एका म्हातारीला दात बसवून आलो. टाळूवर उंचवटा आहे तिच्या. माझ्यासारखा. डावीकडे कललेला."

मधलं बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत तसंच राहिलं. आईने वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "सांगितलंस तिला?"

काय, ते तिने विचारलं नाही. कुणाला, तेही नाही. गाडीत बसून मी शंभर तऱ्हांनी तिला निर्दोष सोडवत आलो होतो; नर्सा पुष्कळ असतात, बोटं पुष्कळजण मोडतात. त्या दोन शब्दांनी सगळी मेहनत पाण्यात गेली.

"नाही," मी म्हणालो.

तिचा चेहरा सैल पडला. दात नसलेल्या तोंडात हसू मावत नाही, ते गालांत शिरतं. "शहाणा माझा," ती म्हणाली. लहानपणी पाहुण्यांसमोर बकरीचा भाग मी बिनचूक म्हटला की ती असंच म्हणायची, याच सुरात. आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायला ती पुढे झुकली. मी मान काढून घेतली. हात हवेत जरा वेळ राहिला.

"टाके काढले त्या दिवशी तू पहिल्यांदा हसलास," ती म्हणाली. "माझ्याकडे बघून. तिने तुझं हसू बघितलंच नव्हतं. जे बघितलंच नाही, ते गेलं कसं म्हणायचं? आणि तिला थोरला होता. मला कोण होतं? आणि मी काही लपून बसले नाही हो. स्वतः चढून गेले, समोर बसून सांगितलं. दुसरी कुणी गेली असती का एवढं?"

"पायाला फोड आले होते तुझ्या."

"तुला कसं ठाऊक?"

"तिने तेल चोळून दिलं होतं."

आई माझ्याकडे बघत राहिली. कपाळाला आठ्या पडल्या. ती खरोखर आठवत होती. "तेल?" ती म्हणाली. "कुणी? तिने?" आणि मान हलवली. तिला आठवत नव्हतं. नसलेल्या बकरीचा काळा कान लक्षात होता आणि तेल विसरली होती.

मी उठून न्हाणीघरात गेलो. आधी कात्री, मग वस्तरा. मिशी भांड्यात पडली, भिजली, तिच्यात भारदस्त असं काहीच नव्हतं. ओठावर एक बारीक पांढरी रेघ होती, वर नाकाकडे गेलेली. मी तिच्याकडे साच्याकडे बघावं तसं बघितलं. थोरला बरोबर बोलला होता. शिवण खरंच छान होती. असल्या शिवणीला दगड म्हणायला फार शिक्षण लागतं.

बाहेर आलो. आईने माझं तोंड बघितलं आणि पदर तोंडावर घेतला. "हे काय केलंस रे?" मी पायांत चपला सरकवल्या, कानस खिशात आहे का बघितली. "आणि निघालास कुठे? आत्ता तर आलास!"

"म्हातारीला टोचतंय. एक जागा उंच राहिली आहे. घासून द्यायला हवी."

"ते डॉक्टर करतील की."

"ती मी ठेवलेली आहे."

तिने वाटीतली कवळी घाईघाईने तोंडात घातली, काहीतरी मोठं, नीट बोलायला हवं म्हणून. मी दारात थांबलो. तीही मीच घडवलेली. चपखल बसते, कुठे टोचत नाही. दात बसले, तोंड उघडलं, आणि तिच्याकडून एवढंच आलं, "मफलर घे."

मफलर खुंटीवर होता, तिथेच राहिला. रस्त्यावर वारा सुटला होता. उघड्या ओठाला तो झोंबत होता. शाळेतून परतणारी एक मुलगी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत गेली. मी तिला नीट बघू दिलं. वरच्या गाडीला अजून वेळ होता. थांब्यावर उभा राहिलो तशी जीभ नेहमीप्रमाणे टाळूकडे निघाली. मी तिला तिथे बसू दिलं नाही. तिला आता काम होतं.